भाव केल्याशिवाय मासळी नाही

"थांब गो. दम घेते, मग भांडू."

खारदांड्याच्या बाजारात बसणाऱ्या त्या मावशीचं हे वाक्य ऐकलं नसेल, तर तुम्ही तिच्याकडून मासळी घेतलेलीच नाही. गिऱ्हाइकाला हाताने थांबवून ती कोपरं गुडघ्यांवर टेकायची आणि गरम चहावर फुंकर घालावी तसा ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायची. नवख्या बाईला वाटायचं, आपण भाव पाडला म्हणून ही फणफणतेय. ती घाबरून स्वतःच भाव वाढवायची. दम जागेवर आला की मावशी गालातल्या गालात हसायची.

एके काळी तिची हाक पार नाक्यापर्यंत ऐकू यायची. पण वर्षानुवर्षं चुलीचा धूर छातीत गेला आणि फुप्फुसं थकली. "बिडीला कधी हात लावला नाय मी," ती चिडून सांगायची. "सगल्यांना रांधून घातलं आनि वाट माझी लागली!"

मुलाने कांदिवलीत लिफ्टवाला फ्लॅट घेतला होता. तिथे येऊन आराम कर, म्हणून तो मागे लागलेला. "तिथं भांडायला कोन हाय?" एवढंच तिचं उत्तर. डॉक्टरांचं मात्र ती ऐकायची. श्वासाचे व्यायाम कधी चुकवले नाहीत, कमरेच्या पिशवीत पैशांशेजारी औषधाचा पंप ठेवला, मासळी कापायचं काम सुनेकडे दिलं. बसायची जागा मात्र सोडली नाही.

पुढे ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर आला. तोही तिने टोपलीशेजारी ऐटीत बसवला. "मुलगी नाय मला, पन जावई मिलाला. बसून असतो, तरी मान द्यावा लागतो!"

आम्हा गिऱ्हाइकांची पंचाईत तिथून सुरू झाली. तिच्या नाकातली नळी बघून सगळ्यांचीच जीभ जड झाली. सांगेल तो भाव गुपचूप द्यायचा आणि निघायचं. एका रविवारी मीही तसंच केलं. तिने माझ्या पिशवीतली पापलेटं काढून परत टोपलीत टाकली.

"भाव कर."

"राहू दे ना मावशी."

"का? मेले काय मी? नली नाकाला लागलीय, तोंडाला नाय. भाव कर!"

मग आम्ही भांडलो. मध्ये मध्ये ती दम घ्यायला थांबायची, मी थांबायचे, मागच्या बायका थांबायच्या. शेवटी तिने भाव उतरवला आणि वर मूठभर बोंबील घातले. घामाघूम झाली होती, पण चेहरा असा खुलला होता की तिला बिचारी म्हणायची कोणाची हिंमत झाली नसती.

यंदाच्या थंडीत हवा फार धुरकट होती. त्यातच ती गेली. मला तिची इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं.

महिन्याभराने बाजारात गेले. तिच्या जागेवर सून बसली होती. मी पापलेटं दाखवली, तिने भाव सांगितला. मी भाव न करता पैसे पुढे केले.

सुनेने पैसे घेतले नाहीत. पापलेटं परत टोपलीत टाकली.

"ताई, भाव करा. सासूबाईंच्या जागेवर बसलेय मी."

मी डोळे पुसले आणि थेट निम्म्यापासून सुरुवात केली.