असे समजते

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी कल्याणच्या एका शाळेत मास्तर होतो आणि ठाण्याच्या एका साप्ताहिकाचा कल्याणचा वार्ताहरही. बातमीच्या वर 'आमच्या वार्ताहराकडून' असं छापून यायचं. तो 'आमचा' मीच, हे आळीत फक्त माझ्या बायकोला ठाऊक होतं. नाव छापत नाहीत याचं तेव्हा मला दुःख व्हायचं. पुढे मी त्याच्याच आडोशाला बसलो.

एका महिन्यात आमच्या आळीतून दोन भांडी गेली. एक तांब्याचा हंडा, एक पितळी पातेलं. दोन भांड्यांच्या दोनच ओळी होतात आणि मला अर्धा रकाना हवा होता. मी 'चोऱ्यांचे सत्र' असा मथळा दिला आणि शेवटी लिहिलं, 'कल्हईच्या मिषाने घरांची टेहळणी करणाऱ्या टोळीचे हे कृत्य असावे, असे समजते.' मला ते कुणी सांगितलं नव्हतं. वाक्य कागदावर उतरेपर्यंत माझं मलाही समजलेलं नव्हतं. पण 'असे समजते' लिहिल्यावर बातमी भारदस्त दिसू लागली. मी ती दोनदा वाचली आणि स्वतःवर खूश झालो.

आमच्या आळीत कल्हईवाला एकच यायचा. शिळफाट्याकडच्या एका गावातून खांद्यावर भाता घेऊन चालत येणारा, पन्नाशीचा माणूस. बायका त्याच्यापुढे भांड्यांचा ढीग टाकून निर्धास्त घरात जायच्या. अंक आला आणि त्याला कुणी पाणीसुद्धा विचारीना. तो यायचा, नेहमीच्या जागी भाता लावायचा आणि दुपारी तसाच उठून जायचा.

आमच्याही पातेल्यांची कल्हई उडाली होती. ताक कळकू लागलं. मी बायकोला म्हणालो, "त्याला भांडी दे की."

"अहो, पेपरात काय आलंय ते वाचलंत ना?"

"ते मीच लिहिलंय. माझ्या मनाचं."

"तुम्ही लिहिलं असेल. पण त्यांनी छापलंय ना?"

मी पितळेच्या चवीची आमटी ओरपली.

एक दिवस कल्हईवाला आमच्याच दारात आला. "मास्तर, तुमचं अक्षर चांगलं. त्या पेपरवाल्यांना एक कागद लिहून द्या. वीस वर्षं येतोय इथं, कुणाचा चमचा गेला नाही. घरी चार तोंडं आहेत हो."

तो मीच, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "बसा." तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. 'बेजबाबदार वार्ताहर' हे शब्द मात्र माझे. स्वतःला पाठीमागून शिवी देण्याइतकं धैर्य मी दाखवलं, तेही शुद्धलेखन सांभाळून. त्याने खाली अंगठा उठवला आणि मला नमस्कार केला.

कागद घेऊन मी ठाण्याला गेलो. संपादकांपुढे सगळं कबूल केलं. ते हसले. "अमका चोर नाही, ही काय बातमी झाली मास्तर? त्याला एकदा पकडू दे. सुटला की छापू."

मग ती बातमी खोटी असल्याचं मीच घरोघर सांगायचं ठरवलं. पहिल्याच घरी शेजारच्या काकूंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "दम दिला का हो त्यानं? परवा तुमच्या दारात बसलेला पाहिला मी. तुम्ही आपले साधे." मी नाही-नाही म्हणत राहिलो, तशी त्यांची खात्री पटत गेली. संध्याकाळपर्यंत टोळीवाला मास्तरांच्या घरात शिरल्याचं सगळ्या आळीला ठाऊक झालं.

पुढच्या खेपेला दोघा-तिघांनी त्याला भाता लावूच दिला नाही. मी दारात उभा होतो. सामान खांद्यावर घेऊन तो माझ्यापाशी थांबला.

"मास्तर, कागद दिलात का तिकडं?"

"दिला," मी म्हणालो.

"मग येईल छापून," तो म्हणाला आणि चालू लागला. तो परत आला नाही. मी त्या साप्ताहिकाला आणखी वर्षभर बातम्या पाठवत होतो.