मुक्कामाचा बेत

अण्णाचा फोन आला तेव्हा मी चटणीसाठी शेंगदाणे भाजत होते. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. नाशिकला असतो, नोकरी संपली, वहिनी जाऊन दोन वर्षं झाली, मुलगा परदेशात. वहिनी गेल्यावर त्यानं गळ्यात दुर्बीण अडकवली आणि पक्षी बघत हिंडायला लागला.

"तंगी, तुमच्याकडं फ्लेमिंगो आलेत म्हणं की," तो म्हणाला. तंगी म्हणजे कन्नडमध्ये धाकटी बहीण. आमच्या माहेरी हाका कन्नडात मारायच्या आणि भांडायचं मराठीत, अशी पद्धत आहे. "चार दिवस येतो म्हणतोय. माळढोकाचं रान, उजनी, जमलं तर नळदुर्ग. कसं फिरायचं ते तू ठरव. आणि सात रस्त्याजवळ एखादं बरं लॉज बघून ठेव."

लॉज! माझं डोकंच फिरलं. गावात सख्ख्या बहिणीचं घर, घरात रिकामी खोली, आणि हा लॉजवर झोपणार. कढईतले दाणे करपले ते मला वास आल्यावर कळलं.

ह्यात नवीन काही नव्हतं म्हणा. आमच्या माहेरचा नियमच तसा. लेकीच्या घरी जेवायचं, चहा प्यायचा, नातवंडं मांडीवर घ्यायची, पण मुक्काम करायचा नाही. आमचे अप्पा, म्हणजे वडील, मैंदर्गीहून शेंगा घेऊन सोलापूरच्या बाजाराला यायचे. बाजार उरकला की न सांगता माझ्या दारात. हातपाय धुऊन पोटभर जेवायचे, आणि ऊन उतरलं की "गाडी चुकंल" म्हणत उठायचे. "आज राहा की अप्पा," म्हटलं की टोपी झटकत त्यांचं एकच उत्तर, "लेकीच्या घरी मुक्काम न्हाय."

माझ्या सासूबाईंना ह्याचं लई कौतुक. माणूस कसा रीतीचा आहे, असं शेजारणींना सांगत सुटायच्या. मला मात्र राग यायचा. असली कसली रीत, जी पोरीला एक रात्र बापापाशी बसू देत नाही? अप्पा गेले, पण नियम राहिला. अण्णानं तो वाटणीला आल्यासारखा उचलला. लग्न असो, बारसं असो, रात्र झाली की त्याचं आपलं लॉज. आता माहेर म्हणून मला तो एकटाच उरलेला. एकदा तरी त्यानं माझ्या घरी झोपावं, सकाळी उठून "चहा टाक गं" म्हणावं, एवढंच मला पाहिजे होतं. ह्यापेक्षा जास्त काय मागितलं सांगा?

तर मी बेत करायला बसले. मला पक्ष्यांतलं कावळ्या-चिमणीपलीकडं काही कळत नाही. म्हणून आमच्या गल्लीत एक मास्तर राहतात, त्यांना पक्ष्यांचं वेड आहे, त्यांना गाठलं. ते म्हणाले, काय बघायचं ते पहाटे. हिप्परग्याच्या तलावावर उजाडायच्या आत पोचा, उजनीला तर त्याहून लवकर निघा, नान्नजच्या माळावर सूर्य वर आला की काळवीटं दूर जातात आणि माळढोकाचं नावच नको, आता तो नशिबात असला तरच दिसतो. मास्तर आणखी बरंच सांगत होते, पण माझे कान 'पहाटे' ह्या शब्दाला चिकटले. मला तर देवच पावला. पहाटे निघायचं तर रात्री गाडीपाशी झोपायला नको? आणि गाडी कुणाच्या दारात उभी असते?

पहिला दिवस गावातला सोडून बाकीचे तीनही दिवस मी पहाटेचे लावले. नळदुर्गचा किल्ला भर दुपारीही तिथंच असतो हे मलाही कळतं, पण त्याला मी हिप्परग्याच्या शेपटीला बांधलं. नान्नज मुद्दाम शेवटच्या दिवशी ठेवलं, कारण अण्णाचा जीव माळढोकात अडकलेला, तो दिवस काही तो सोडणार नाही. मग फोन करून साळसूदपणे सांगितलं, "अण्णा, इतक्या पहाटे तिकडून रिक्षा मिळायची नाही बघ. रात्री इथंच पडत जा."

"बघू की," अण्णा म्हणाला. अण्णाचं 'बघू की' मी लहानपणापासून ओळखते. त्याचा अर्थ नाही.

आला तो हिवाळ्यातल्या एका सकाळच्या गाडीनं. बॅग लॉजवर टाकून, अंघोळ करून, भांग पाडूनच दारात उभा. अंगानं निम्मा झालेला. मला बघून हसला आणि मी ठरवलेलं सगळं भांडण विसरून त्याच्या पाया पडले. त्या दिवशी गावातच फिरलो. सिद्धेश्वराचं दर्शन घेतलं, तळ्याच्या काठाला बसलो, किल्ल्यात गेलो. किल्ल्याच्या तटावर कसलासा इवलासा पक्षी शेपटी हलवत होता, त्याच्यासाठी अण्णा अर्धा तास उन्हात उभा. मी म्हटलं, "अरे, हा तर आमच्या गच्चीवर रोज येतो." तो म्हणाला, "मग रोज बघत जा की."

रात्री शेंगापोळी आणि तूप. जेवण झाल्यावर आतल्या खोलीत मी नवी कोरी सोलापुरी चादर घालून ठेवली होती ती दाखवली. अण्णानं चादरीवरून हात फिरवला, विणीचं कौतुक केलं आणि म्हणाला, "निघतो गं." मी तोंड उघडणार तेवढ्यात आमच्या ह्यांनी खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढली. "चला, सोडतो." चादरीच्या दुकानात जन्म गेला ह्यांचा. गिऱ्हाईक नको म्हणालं की घडी घालून ठेवायची एवढंच शिकलेत. मी त्या रात्री ह्यांच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे दार उघडते तर दूधवाल्याच्या आधी अण्णा हजर. कानटोपी, दुर्बीण, हातात टॉर्च. रिक्षावाल्याशी रात्रीच बोलून ठेवलं होतं म्हणे. "उशीर झाला का गं?" वर हे विचारतो! मी धपाट्यांचा डबा गाडीत आपटला. हिप्परग्याला पाण्यावर धुकं होतं आणि त्यात बदकं कुठली, दगड कुठले, मला शेवटपर्यंत कळलं नाही. अण्णा मला दुर्बीण लावून द्यायचा, मला त्यात स्वतःच्या पापण्याच दिसायच्या. तो हसायचा. आधी दबून, मग मोठ्यानं. वहिनी गेल्यापासून त्याचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं. नळदुर्गला पाणी नसल्यानं धबधब्याच्या जागी नुसता दगड, तरी आम्ही तिथं बसून धपाटे खाल्ले आणि अप्पांच्या आठवणी काढल्या. रात्री पुन्हा तेच. चादर, "निघतो गं", किल्ली.

तिसरा दिवस उजनीचा. वाट लांबची. पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. कोळ्याची होडी ठरवली, आत बसलो. पाणी इतकं संथ की वल्ह्याचा आवाजसुद्धा मोठा वाटावा. बरंच आत गेल्यावर होडीवाल्यानं वल्हं थांबवलं आणि बोट दाखवलं. समोर गुलाबी रेघ. जवळ गेलो तशी ती रेघ पायांवर उभी राहिली. एवढाले उंच पाय, चोच पाण्यात, आणि सगळ्यांची एकसारखी कुरबुर चाललेली, हळदीकुंकवाला बायका जमाव्यात तशी. मग कशानं तरी बिचकले आणि सगळे एकदम उडाले. पंखांखालचा लाल रंग डोळ्यांसमोर उघडला. मी "अगं बाई!" म्हणून ओरडलेच.

अण्णाकडं बघितलं तर कॅमेरा मांडीवर तसाच. त्यानं एकही फोटो काढला नव्हता. डोळे भरलेले. "तिला दाखवायला पाहिजे होतं गं," एवढंच म्हणाला. आमचे हे तोंड फिरवून पाणी बघत बसले. मी अण्णाच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा स्वेटरमधून हाडं हाताला लागली.

परतताना हे गाडी चालवत होते, अण्णा पुढं, मी मागं. टेंभुर्णी गेलं, मोहोळ गेलं. सोलापूर जवळ आलं. हा आता सात रस्त्याला उतरणार, त्या लॉजच्या खोलीत एकटा जाऊन दिवा लावणार, आणि मी घरी त्या चादरीची घडी घालणार. माझा बांध फुटला.

"अण्णा, पक्ष्यांसाठी तू पहाटे उठतोस, एवढ्या लांब येतोस. माझ्यासाठी एक रात्र अंथरुणावर पडता येत नाही तुला? कसला रे नियम धरून बसलास? अप्पा काही बघायला येणार नाहीत."

अण्णानं गळ्यातली दुर्बीण काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "नियम बियम काही नव्हता गं."

"म्हणजे?"

"तुझं लग्न नवीन होतं. मी आणि अप्पा बाजार करून तुझ्याकडं जेवलो, निघालो. तू दारात उभी होतीस. गाडीत बसल्यावर अप्पांनी टॉवेल तोंडावर घेतला तो अक्कलकोट आलं तरी काढला नाही. मला वाटलं, झोपलेत. खांदे हलायला लागले तेव्हा कळलं. मी म्हटलं, अप्पा, एवढं वाटतंय तर राहायचं की एक रात्र. तर म्हणाले, 'आता गाडी चुकंल म्हणून तरी उठता येतंय. मुक्काम केला तर सकाळी काय म्हणून उठू?'"

इतकी वर्षं मी त्या माणसावर रुसून होते.

"आणि तू?" मी विचारलं.

अण्णा काचेतून बाहेर बघत होता. "माझं पण तसंच हाय की. नाशकात कुलूप उघडून आत जायचं म्हंजे..." त्याचा शहरी मराठीचा अंगरखा गळून मैंदर्गीची भाषा वर आली. "सवय केलीय. तुझ्या घरात चार माणसांत झोपलो, सकाळी तुझी भांडी वाजलेली ऐकली, तर ती सवय मोडंल. मग परत कसं जायचं, तंगी?"

"मग नको जाऊस!" मी ओरडले. रडत रडतच ओरडले. "नाही निघाला पाय तर नाही निघाला. कोण हाकलतंय तुला? आठ दिवस राहा, महिनाभर राहा. जाताना रडू आलं तर रड, मी पण रडीन. त्यात मरायचं काय एवढं?"

गाडी सात रस्त्याला आली. ह्यांनी लॉजसमोर ती उभी केली आणि मी मनात म्हटलं, झालं, आता हा माणूस पुन्हा त्याला सोडणार. पण हे खाली उतरले, अण्णाच्या बाजूचं दार बाहेरून दाबून ठेवलं आणि खिडकीतून म्हणाले, "खोलीची किल्ली द्या. तुमी बसा. बॅग मी आणतो." अण्णानं माझ्याकडं वळून बघितलं. मग खिशातून किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

रात्री तो कधी झोपला मला कळलंसुद्धा नाही. ताटावरून उठला, आत गेला, आणि मी पाणी घेऊन जाते तर चादर डोक्यावर घेऊन गाढ.

दुसऱ्या दिवशी पहाटे नान्नजला निघायचं होतं. संध्याकाळी त्याची परतीची गाडी. म्हणजे माळढोक बघायचा तर हीच पहाट. मी उठले, डबा भरला, हे तयार झाले. अण्णाच्या खोलीचं दार हळूच ढकललं. तो कुशीवर वळून, हात उशाखाली घेऊन, तोंड किंचित उघडं टाकून झोपला होता. मी हाक मारायला वाकले आणि तशीच मागं फिरले. ह्यांना खूण केली. ह्यांनी न विचारता बूट काढले. दूधवाला आला त्याला घंटी वाजवू दिली नाही. कुकर लावलाच नाही, शिट्टी होईल म्हणून. शेजारीण फोडणीसाठी कढीपत्ता मागायला आली, तिला जिन्यातच गाठून बोलले. तिकडं माळावर ऊन चढलं असेल, काळवीटं लांब गेली असतील. जाऊ देत.

ऊन खिडकीतून पार त्याच्या तोंडावर आलं तेव्हा अण्णा धडपडत उठून बसला. "अगं, उठवायचं की! वाजले किती? काळवीटं गेली सगळी!"

"उद्या पहाटे जाऊ," मी म्हटलं. "चहा टाकू का?"

तो चादरीतच बसून राहिला. बाहेर ह्यांनी एवढ्या वेळानं रेडिओ लावला होता. मग अण्णानं ह्यांना हाक मारली. "दाजी, ते मोबाईलवर तिकीट रद्द कसं करतात हो?"

मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडं तोंड करून मनसोक्त रडून घेतलं. मग डोळे पुसले आणि खपली गहू काढले. हुग्गी म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर. तिचे गहू आदल्या दिवशी भिजत घालावे लागतात, तेव्हा न सांगता येऊन ऊन उतरताच उठणाऱ्या माणसाला ती कधीच खायला मिळत नाही. अप्पांना लई आवडायची. माझ्या हातची त्यांनी एकदाही खाल्ली नाही. मी गहू धुतले, मोठ्या पातेल्यात बुडतील एवढं पाणी घातलं आणि वर ताट झाकलं.