मायनस तीनचं भिंग

आमच्या रस्त्यावर फोटोग्राफरला सगळे सोडावॉटर म्हणायचे. चष्माच तसा होता, बाटलीच्या बुडासारखा जाड. त्यालाही त्याचं काही वाटायचं नाही, फोन उचलला की स्वतःच म्हणायचा, "हां, सोडावॉटर बोलतोय." माझं कॅमेरे दुरुस्त करायचं दुकान त्याच्या स्टुडिओच्या बरोबर समोर. मी तिरसट माणूस, माझं कुणाशी फारसं पटत नाही. त्याच्याशी मात्र तीस वर्षं पटलं.

फोटो काढायची त्याची एक पद्धत होती. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की हा डाव्या डोळ्यावर फोकस करायचा आणि पापणीचा केस न् केस वेगळा दिसेपर्यंत शटर दाबायचा नाही. माणसं कंटाळायची, पण फोटो हातात पडला की गप्प व्हायची. त्याची मुलगी त्याच्याच हाताखाली तयार झाली. अकरा वर्षं डार्करूम तिच्याकडे. पासपोर्टचे फोटो तीच काढायची. पोर्ट्रेट मात्र बाप काढणार. ती विचारायची, हा म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघू." ते पुढचं वर्ष काही उजाडायचं नाही. त्यात त्याची चूक होतीच, मी त्याला तोंडावर सांगितलंही होतं.

चष्मा लावून कॅमेऱ्यात बघायचं म्हणजे त्रासच. डोळा व्ह्यूफाइंडरपासून लांब राहतो, कडेचं दिसत नाही, काचेवर चरे पडतात ते वेगळंच. दोन वर्षांपूर्वी एका बाईंचं कोपर फोटोतून कापलं गेलं तेव्हा मी त्याला म्हटलं, "अरे, व्ह्यूफाइंडरला नंबरचं भिंग लावून घे. चष्मा काढून बघता येईल."

"मग दे की. माझा नंबर मायनस चार, मायनस चारचं दे."

"ही काय चप्पल आहे, नंबर सांगितला की मापाची मिळायला? कॅमेऱ्यात मुळातच थोडा मायनस नंबर बसवलेला असतो. चष्म्याचा आकडा इथं चालत नाही. बस इथं."

त्याला कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे धरायला लावला. भिंतीकडे बघायचं नाही, आतल्या पडद्यावर मधोमध जो गोल आखलेला असतो तो बघायचा. एकेक भिंग फिरवून बसवलं. मायनस दोनला गोल पुसट. मायनस तीनला चाकूनं कापल्यासारखा. मायनस चारलाही स्वच्छ, पण डोळ्याला ताण. स्पष्ट दिसतं त्यातलं सगळ्यात हलकं घ्यायचं, हा माझा नियम. मायनस तीन ठरलं. मी स्वतः घट्ट बसवून दिलं. आकडा कडीच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो, बसवल्यावर दिसत नाही. तो लहान पोरासारखा खूश झाला आणि स्टुडिओत जाऊन दिवसभर बिनचष्म्याचा वावरत दारांना धडकत राहिला.

गेल्या वर्षी त्याला ताप आला, दहा दिवस अंथरुणात होता. त्याच आठवड्यात मुलगी माझ्याकडे आली. "काका, माझ्या पासपोर्टच्या कॅमेऱ्याला ते मायनस दोनचं भिंग द्या ना. हल्ली मला लांबचं जरा धूसर दिसतं."

"बापावर गेलीस शेवटी," म्हणून मी हसलो आणि काढून दिलं. तिला वापरून बघायलाही सांगितलं नाही. माझा नियम मीच मोडला.

तापातून उठल्यावर त्याचे फोटो बिघडले. मोठा बिघाड नाही, पण डोळे मऊ यायला लागले, जणू काचेवर वाफ धरलीय. मुलगी डार्करूममधून ओली प्रिंट घेऊन यायची आणि हळू आवाजात म्हणायची, "बाबा, जरा सॉफ्ट आलंय हो." त्यालाही कॅमेऱ्यात पुसटच दिसायचं. तापानं नजर गेली असं त्यानं धरलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला घाबरला. माझ्याकडे यायला निघाला तर मुलगी म्हणाली, "काका कॅमेऱ्याचे डॉक्टर आहेत, बाबा, डोळ्याचे नाहीत." हे मला सगळं नंतर कळलं.

मग ते म्हातारं जोडपं आलं. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून एकत्र फोटो. याने अर्धा तास घेतला. फोटो आला तो दोघांचेही चेहरे पुसट. पुन्हा बोलवू म्हणेपर्यंत आठवड्याच्या आत म्हातारा गेला. त्या दिवसापासून सोडावॉटरनं कॅमेऱ्याला हात लावला नाही. काउंटरवर बसून पाकिटांवर पत्ते लिहायचा. रस्त्यापलीकडून मला त्याचा वाकलेला माथा दिसायचा आणि मला वाटायचं, म्हातारपण आलं याला. वाटलं तसं कधी जाऊन विचारलं मात्र नाही.

एका दुपारी तो कॅमेरा घेऊन माझ्या दुकानात आला. "रविवारपासून पोर्ट्रेट पोरगी काढणार. कॅमेरा साफ करून दे. आणि ते माझं भिंग काढून टाक. पोरीचे डोळे लख्ख आहेत, तिला कशाला ते?"

मी भिंग फिरवता फिरवता थांबलो. "तिला लांबचं धूसर दिसतं ना?"

"कुणी सांगितलं? मागच्याच महिन्यात तपासलेत. शून्य नंबर."

भिंग हातात आलं. आतल्या कडेवर आकडा होता, मायनस दोन. मी तर मायनस तीन बसवलं होतं. खणातून मायनस तीनचं काढलं, बसवलं, कॅमेरा त्याच्या हातात दिला. "चष्मा काढ. भिंतीकडे धर."

त्यानं बघितलं. "गोल स्वच्छ दिसतोय," म्हणाला. मग कॅमेरा टेबलावर ठेवला, माझ्या हातातलं भिंग घेतलं, डोळ्यांजवळ नेऊन आकडा वाचला.

"हे कुणाला दिलं होतंस?"

मी सांगितलं.

तो म्हणाला, "मी तिच्या हातचा चहा पीत होतो रे. ती रोज विचारायची, बाबा, आज कसं दिसतंय."

आम्ही रस्ता ओलांडला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिला फाडून खायचं असं मी ठरवलं होतं. तिनं मला बघितलं, त्याच्या मुठीकडे बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला. त्यानं भिंग काउंटरवर ठेवलं.

"तुम्ही थांबतच नव्हता, बाबा," ती म्हणाली. "अकरा वर्षं मी अंधारात उभी आहे."

"थांबायला लावायचं होतंस. भांडायचं होतंस. मी आंधळा झालो असं मलाच पटवून दिलंस?" त्याचा आवाज चढला नाही. "बरं, राग माझ्यावर होता. त्या म्हाताऱ्यानं तुझं काय घोडं मारलं होतं?"

ती स्टुलावर बसली. माझं फाडून खायचं राहूनच गेलं.

त्यानं कपाटातून त्या जोडप्याचं पाकीट काढलं आणि तडक निघाला. मी मागोमाग. "त्या बाईंना सांगून येतो," म्हणाला. "माझ्या हातून बिघडलं नव्हतं, हे त्यांना तरी कळू दे. वर्षभर त्या गल्लीतून मान खाली घालून जातोय मी."

दोन जिने चढलो. बाईंनी दार उघडलं, आम्हाला बसवलं. समोर भिंतीवर तोच पुसट फोटो होता, चांगल्या चौकटीत लावलेला. तो पाकीट मांडीवर धरून बसला. ते उघडायचा, परत मिटायचा. त्याची अडचण बाईंनीच सोडवली.

"तुम्ही अजून मनाला लावून घेतलंय का त्याचं? अहो, डोळे आहेत, वयानं व्हायचंच. आणि आता मुलगी बघते ना सगळं? गुणाची आहे हो. फोटो द्यायला आली तेव्हा माझ्यापाशी बसून रडली."

मी त्याच्याकडे बघितलं. बोल की, म्हटलं मनात, आता तरी बोल. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला.

"हो," तो म्हणाला. "डोळेच अधू झाले माझे. चूक माझीच."