शेवटच्या भागाचे पेढे

गेल्या वर्षी आमच्या घरात रविवारची संध्याकाळ म्हणजे खानावळीची मालिका. शहरातली एक खानावळ, तिचा तिरसट मालक, त्याची पोरगी आणि तिथे जेवायला येणारा एक धांदरट भाडेकरू. तो ताटाबाहेर वरण सांडायचा, ती चिडायची, आणि दोघांचं प्रेम साऱ्या महाराष्ट्राला दिसायचं, त्या दोघांना सोडून. दुसरी जोडी म्हाताऱ्यांची. रिटायर झालेला पोस्टमन स्वतःच्या सदऱ्याची बटणं तोडायचा आणि लावून घ्यायला समोरच्या शिलाईवालीकडे जायचा. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो.

सगळ्यात जास्त हसायचा माझा भाऊ. मी त्याची मोठी बहीण. माझे यजमान गेले, शाळेतली नोकरी संपली, तेव्हापासून मी अमरावतीत त्याच्याच घरी वरच्या खोलीत राहते. तोंडाची फटकळ आहे, हे कोणी मला नव्याने सांगायला नको. भाऊ माझ्या उलट. हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाइकाशीही मोजकं बोलणारा माणूस, पण टीव्हीसमोर बसला की त्याचं लेकरू व्हायचं. "अबे सांग ना तिले, बैताडा," असं त्या भाडेकरूला ओरडायचा. सीझन संपायला आला तेव्हा त्याने जाहीरच करून टाकलं, "शेवटच्या भागात या दोघायचं जमलं, तर साऱ्या गल्लीले पेढे वाटतो."

त्याची पोरगी, माझी भाची, मालिका कमी आणि बापाला जास्त पाहायची. एका लॅबमध्ये कामाला होती. तिने मला गच्चीवर मिरच्या उलथताना आपलं गुपित सांगितलं. कॉलेजातला पोरगा, दर्यापूरचा, आता बँकेत लागलेला, आणि जात वेगळी.

"शेवटच्या भागाच्या दिवशी सांगतो बाबाले," ती म्हणाली. "त्या दिवशी ते इतके खुश असतीन का, 'नाही' म्हननारच नाहीत."

"टीव्ही वेगळा आन घर वेगळं, बाई."

"आत्या, तू पाह्यत नाहीस. त्या पोरीसाठी बाबाच्या डोळ्यात पाणी येते. मंग माह्यासाठी नाही येनार?"

भाऊ खोटं रडत नव्हता, हे मलाही माहीत होतं. मिरच्यांना हात लागलेला, मी तोच हात डोळ्याला लावला आणि संध्याकाळभर आग सोसत बसले.

शेवटच्या भागाच्या रविवारी भाऊ सकाळीच अकोल्याला गेला. दुकानाचा माल पाहायचा आहे म्हणाला. माल पाहायला कोणी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून जातं का? माझ्या मनात आलं, पण वहिनी काही बोलली नाही, म्हणून मीही गप्प राहिले. दुपारभर घरात उकाडा होता, पंखा नुसता आवाज करत होता. भाची मात्र गुणगुणत घर आवरत होती. गिला वड्याचं, म्हणजे आमच्याकडच्या दहीवड्याचं, दही तिनेच घुसळलं.

भाऊ परतला तो हातात पेढ्यांचा डबा घेऊन. मी जिन्यावर होते, तिथून सगळं दिसलं. भाची दारातच त्याला सामोरी गेली.

"काय बाबा, अजून त्यायचं जमलं नाही आन तुमी आधीच पेढे आनले?"

"जमलंच समज," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका उजळलेला मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. त्याने चपलाही काढल्या नाहीत. डबा उघडला, एक पेढा उचलला. "तोंड उघड."

तिने लहान पोरीसारखं तोंड उघडलं. त्याने स्वतःच्या हाताने पेढा भरवला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती हसत हसत चावत होती.

मी खाली आले आणि डबा हातात घेतला. झाकणाच्या कोपऱ्यात हळद-कुंकवाचं बोट लागलेलं होतं.

आमच्या घराण्यात सोयरीक जमली की पोराकडचे लोक कुंकू लावून पेढे देतात. बाप ते घरी आणतो आणि पोरीला भरवतो. पोरीने पेढा खाल्ला की तिचा होकार झाला. मग बाप निरोप धाडतो की तोंड गोड झालं. कोणी पोरीला वेगळं विचारत बसत नाही. विचारलं की ती लाजते, असं म्हणतात. माझ्या वेळी पेढा नव्हता, साखर होती. मला तेव्हा वाटलं होतं, शेजारी कोणाला मूल झालं, त्याची असेल.

मी तडक स्वयंपाकघरात गेले. वहिनी कढईत वडे सोडत होती.

"कोनाचे पेढे हायेत हे?"

तिने झारा खाली ठेवला नाही. "पोरगा चांगला हाय, ताई. अकोल्यात सोताचं घर हाय. ते म्हनले, ताईले आत्ताच सांगू नोको, उगाच फाटे फोडतीन."

"आन पोरीले?"

"खाल्ला ना तिनं पेढा," वहिनी म्हणाली आणि वडा उलटवला.

मी बैठकीत गेले तोवर मालिकेचं गाणं सुरू झालं होतं. भाची बापाच्या पायाशी सतरंजीवर बसली होती. मी तिला म्हटलं, चल वर, काम आहे. तिने मान हलवली. आता नाही आत्या, शेवट आहे. मी डोळ्यांनी खुणावलं, तर तिला वाटलं, मी धीर देते आहे. तिने मला डोळा मारला. बापासमोर तोंड उघडावं, तर पोरीचं दर्यापूरचं गुपितही त्याच तोंडाने बाहेर पडणार, आणि ते सांगायचा हक्क तिचा. काय करावं ते सुचेना. अकोल्याला निरोप गेला नाही तोवर वेळ आहे, एवढंच मनात धरून मी पदर पिळत बसले. भावाचा फोन त्याच्या मांडीवर उताणा पडला होता.

पोस्टमनने शेवटी शिलाईवालीला मागणी घातली. ती म्हणाली, पुढची बटणं घरीच लावून देईन. भाऊ इतका हसला की त्याला ठसका लागला. भाचीने पाणी दिलं. मग जाहिरात लागली आणि त्याने फोन उचलला.

"हां, पोचलो. हो हो, झालं, तोंड गोड झालं. हसत हसत खाल्ला. पुढच्या रविवारी या मंग साक्षगंधाले."

साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा, हे तिला कोणी समजावायची गरज नव्हती. तिच्या हातात पाण्याचा गिलास तसाच राहिला.

"कोनाचं साक्षगंध, बाबा?"

"आता कोनाचं," भाऊ लाडाने म्हणाला. "लाजू नोको."

तेवढ्यात मालिका परत सुरू झाली. खानावळीच्या अंगणात पाहुणे बसलेले. मालकाने पोरीसाठी दुसरंच स्थळ आणलं होतं, आणि भाडेकरू दारात ताट घेऊन उभा. पाहुणे म्हणाले, मग पक्कं समजायचं? तो तिरसट मालक उठला आणि म्हणाला, थांबा, आधी माझ्या पोरीला विचारतो. माझ्या भावाने टाळी वाजवली. खरंच वाजवली. त्याचे डोळे भरून आले होते.

"असा बाप पायजे," तो म्हणाला.

"मले इचारा ना मंग," भाची म्हणाली.

"इचारलं ना. पेढा देल्ला ना हातानं."

"मी त्यायच्यासाठी खाल्ला, बाबा. टीव्हीतल्या जोडीसाठी. तुमीच म्हनले होते पेढे वाटतो म्हनून."

भावाचा चेहरा हळूहळू उतरला. त्याला समजलं होतं, ते मला स्पष्ट दिसलं. पण फोन झाला होता. त्याने रिमोट घेतला, आवाज वाढवला, आणि पडद्याकडे पाहतच म्हणाला, "कोनासाठी का खाल्ला असेना. पोटात तर गेला ना."

मी त्याला नाही नाही ते बोलले. तो ऐकून घेत राहिला, पण उत्तर एकच होतं. अकोल्याच्या लोकांत शब्द गेला. दुसऱ्या दिवशी तिने दर्यापूरचंही सांगून टाकलं. तो ताटावरून उठला आणि दुकानात निघून गेला. त्या आठवड्यात घर पाहुण्यांसाठी सजत होतं. भाची कामावर जायची, यायची. एक गोष्ट फक्त मी पाहिली. भाऊ तिच्यासाठी कधी संत्रं, कधी कचोरी आणायचा आणि गुपचूप तिच्यापुढे ठेवायचा. ती हात लावायची नाही. त्याच्या हातचं काहीच खायची नाही. मी तिला विचारलं, तुझ्या मनात आहे तरी काय. ती म्हणाली, काही नाही. मला तिची भीती वाटायला लागली. विष-बिष तर नाही ना, असंही एकदा मनात येऊन गेलं. मी रात्री तिच्याच खोलीत अंथरूण टाकू लागले.

रविवारी अकोल्याचे पाहुणे आले. जीपभर माणसं. ती गुलाबी साडी नेसून पाटावर बसली, सांगितलं तेव्हा वाकली, सांगितलं तेव्हा उठली. वहिनीने सुटकेचा निःश्वास टाकला. मला मात्र तिची ती शांतता पाहवत नव्हती. पुढे रिवाजाप्रमाणे चारचौघांत बापाने पोरीचं तोंड गोड करायचं होतं. भावाने ताटातला पेढा उचलला, तिच्यापुढे वाकला आणि तिच्या ओठांशी नेला.

तिने तोंड उघडलं नाही.

आधी सगळ्यांना वाटलं, लाजते आहे. बायका हसल्या. मग हसणं बारीक होत गेलं. भाऊ हळूच म्हणाला, "उघड ना, बाई." पेढा त्याच्या बोटांत दबून पसरायला लागला होता. ती त्याच्याकडे सरळ पाहत होती.

मग तिने तोंड उघडलं, बोलण्यापुरतं.

"आता इचारा, बाबा."

भावाचे ओठ हलले. मी मनात म्हणत होते, विचार, लेका, आता तरी विचार. त्याने एकदा अकोल्याच्या पोराच्या काकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मान खाली घातली.

पोराची आई उठली. आतापर्यंत एक शब्द न बोललेली, जाडजूड, घामेजलेली बाई. तिने पुढे येऊन भाचीच्या खांद्यावर हात ठेवला. "मी इचारतो, माय," ती म्हणाली. "तुह्या मनात काय हाय?"

भाचीने तिला सगळं सांगितलं. दर्यापूरचं, पेढ्याचं, मालिकेचंही. मधे कुठे थांबली नाही. अकोल्याची माणसं एकेक करून उठली, बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला. माझा भाऊ तेव्हाही तो दबलेला पेढा हातात धरून तसाच वाकलेला होता.