काकूंची शेगडी

शेजारच्या काकू कशा गेल्या, हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

परवा रिछाईच्या कारखान्यांच्या भागात एका टपरीवर दगडी कोळसा पेटला, कडवट धूर घशात गेला, आणि मी पुन्हा लहानपणच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये पोचलो. थंडीत काकू खोलीतच शेगडी ठेवून शेकत. बंद खोलीत कोळशाचा धूर झोपेतच जीव घेतो, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं. काकूंचे गुडघे धरलेले, म्हणून काका नाइट ड्यूटीला असले की ती जड शेगडी मी ओसरीत नेऊन ठेवायचो.

त्या संध्याकाळी काका ड्यूटीवर गेले होते आणि आमच्याकडे टीव्हीवर मॅच रंगली होती. भिंतीपलीकडून काकू ओरडल्या, "काहून रे राजू, शेगडी काय वर्ल्ड कप जिंकल्यावरच नेशील?"

"येऊनच राहिलो काकू!" म्हणालो, आणि गेलो नाही.

सकाळी काकांची हाक ऐकून मी धावलो. काका काकूंना हलवून राहिले होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी खोलीतली विझलेली शेगडी उचलून ओसरीत ठेवली. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

"शेगडी तर तू बाहेर ठेवली होतीस ना, बेटा?" काकांनी नंतर विचारलं.

"हो काका."

"अच्छा. मग मीच घरी पाहिजे होतो."

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आता कळतं, माझं ओझं मी त्यांच्या डोक्यावर ठेवून आलो. काका आता फार थकलेत. दर दिवाळीला मी त्यांच्या पाया पडतो. शेगडी आतच होती, एवढं त्यांना सांगणं माझ्याकडे बाकी आहे.