गिधाडाचं पिल्लू आणि गुडघ्याचं मलम

गिधाडाचं पिल्लू माझ्या मांडीवर ओकलं. वर ऊन, नाकात सडक्या मांसाचा वास. एवढ्यावर ते थांबलं नाही. माझ्या गुडघ्यावरचं तेलकट डागांचं लुगडं चोचीने ओढू लागलं.

"मावशे, गुडघ्याले काय लावलं वं तू?" वरच्या खडकावरून भाचा संतोष ओरडला. तो जंगल खात्यात गिधाडं राखतो. मी त्याचं काम पाहायला हट्टाने आले होते.

"मलम. दुखते त लावू नाही?"

"कोनतं?"

नाव ऐकताच तो घसरतच खाली आला. गुरांना दुखण्यावर टोचायचे तेच हे औषध. टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की गिधाडंही मरतात. गुरांसाठी त्यावर बंदी आली. माझ्या गुडघ्यांवर मात्र सकाळीच अर्धी नळी चोपडली होती.

नारनूरच्या पुढे, कापसाच्या सपाटीत हा गुट्टा (तेलुगूत डोंगर) एकटाच उभा आहे. पाणी नाही, सावली नाही. कड्यावर यंदा एकच पिल्लू होतं. ते घरट्यातून घसरून माझ्यापुढे पडलं आणि मी ते कोंबडीसारखं उचललं.

"लुगडं सोड आधी!"

"आईच्या बहिणीले असं म्हंतेत काय रे?"

"पिल्लू मरून जाईन, अन् तुले लाज सुचून राह्यली!"

जीपमधली चादर गुंडाळून मी पुढे बसले. पिल्लू मागे टोपलीत.

उटनूरला त्याच्यासाठी मटण घ्यायला थांबलो. संतोषने खाटकाला विचारलं, "बकरे को दर्द की सुई तो नहीं दी?"

"साब, काटने को लाया था, इलाज करने को नहीं." मग चादरीकडे पाहत म्हणाला, "अम्मा को क्या हुआ?"

"अम्मा के घुटने में जहर है."

खाटीक दोन पावलं मागे सरला.

जनावरांच्या डॉक्टरांनी पिल्लाची चोच धुतली. म्हणाले, "औषध पोटात गेलं असेल तर मान टाकेल. वाट पाहा." संतोष जेवला नाही. मी जेवले; दोघांनी उपाशी राहून पिल्लाला काय फायदा?

सकाळी त्याची मान ताठ होती. मटण दिलं तर संतोषचं बोटही धरलं. त्याला गुट्ट्यावर परत नेऊन संतोषने दोराने घरट्यात ठेवलं. दुपारी मोठं गिधाड त्याच्याजवळ उतरलं, तेव्हा कुठे संतोष भाकरीला बसला.

घरी आल्यावर शेजारणी विचारतात, डोंगरावर काय पाहिलं? ऊन, दगड आणि एक कुरूप पाखरू. आता कुणी बोलावलं तरी मी जाणार नाही. पण पिल्लू जगलं.