दोघांची हवा

माझी कारभारीण गाडीवर बसायच्या आधी बोटावर थुंकी घ्यायची आणि मागच्या चाकाच्या वॉलला लावायची. बुडबुडा आला तर हवा निघतेय, नाही आला तर बसायचं. पंपावर, देवळासमोर, कुठंही. मी म्हणायचो, अगं, आत्ताच हवा भरली. ती म्हणायची, "बुडबुडा काय खोटं बोलस?" म्हणजे मी बोलतो.

तिचा कोणावरच भरोसा नव्हता. दूधवाला, डॉक्टर, तिचे सख्खे भाऊ, सगळे एका रांगेत, आणि रांगेत पहिला मी. भाजीवाली हसून बोलली तर ही, किडकं असणार म्हणून, वांगं फिरवून फिरवून बघणार. "हसनी कसाले?"

जन्माचीच सवय, पण गाडीची भीती पारोळ्याजवळ बसली. मागच्या चाकात खिळा गेला, हवा हळूहळू उतरली आणि गाडी लचकून दोघं रस्त्याच्या कडेला. मला खरचटलंही नाही, तिचा गुडघा फुटला. तेव्हापासून ती बसेना. आम्ही राहतो जळगावात, मेहरूणला. तिचं माहेर साक्रीच्या पुढं. ती एसटीनं जायची. एसटीत मला मळमळतं, म्हणून मी मागून गाडीवर. खिडकीतून मान काढून ती माझ्या चाकाकडे बघत राहायची. घरात बायको असून रस्त्यानं एकटं जायचं, हे मला काही पटेना.

म्हणून एकदा तिला धुळ्याला एसटीतून उतरवून तिथल्या एका फिटरकडून हवा दाखवायचं यंत्र बसवलं. दोन्ही वॉलवर एकेक टोपण, हँडलला छोटी पाटी. टोपण आतली हवा मोजतं, पाटीवर आकडा येतो, हवा गेली की पाटी ओरडते. मलाही ही लबाडीच वाटली. ना वायर, ना काही, आकडा येतो कुठून? पण तिला मागं बसवायचं होतं.

फिटर म्हणाला, "अक्का, डबल सीटला मागं हवा जास्त लागते. तसा आकडा लावून देतो."

"मना वजनले इतली हवा लागस का?" तिनं त्याच्याकडे असं बघितलं की तो पाना शोधायला लागला.

थुंकी लावून झाली आणि ती बसली. साक्री येईपर्यंत माझ्या कानात कुजबुजत होती. मोठ्यानं बोल म्हटलं तर म्हणे, "ते टोपण ऐकी लेस."

दुसऱ्या दिवशी सासुरवाडीहून निघताना पाटी ओरडायला लागली. मागच्या चाकाचा आकडा शून्य. चाकाला लाथ मारली तर टणक. हिनं वाकून थुंकी लावली, गुपचूप बसली. धुळ्यापर्यंत पाटी ओरडत होती आणि मी फिटरला शिव्या देत होतो.

"तुझं यंत्र खोटारडं आहे," मी त्याला म्हटलं.

त्यानं चाक बघितलं. "आबा, मागचं टोपण कुठंय?"

"तूच काढलं असशील."

तेवढ्यात हिनं कमरेचा बटवा सोडला आणि सुपारीच्या तुकड्यांतून टोपण काढून त्याच्या हातावर ठेवलं. "मना माहेरमां बठ्ठा चोर शेतस. म्हनीसन संध्याकायलेच काढी लिधं."

माहेरचे सगळेच चोर ठरलेले ऐकून फिटर हसत सुटला. "अक्का, टोपण काढलं की त्याला वाटतं हवा गेली."

"चाकमां हवा व्हती का नई?"

"होती."

"मंग तुनं यंत्र बी खोटं बोलस."

तरी त्या दिवसापासून ती एसटीनं गेली नाही. गाडी लावली की टोपण बटव्यात, निघताना थुंकी, मग टोपण, मग ती.

गेल्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं गेली. डॉक्टरांवर शेवटपर्यंत तिचा विश्वास बसला नाही, माझाही नाही.

दहावं-तेरावं झाल्यावर तिच्या भावांना भेटायला निघालो. टोपण बटव्यातच होतं. बटवा तसाच खिशात घातला, धुळ्यापर्यंत पाटी ओरडत राहिली. धुळ्याला फिटरकडे थांबलो. त्यानं माझ्यामागं बघितलं, मग माझ्या हातातल्या बटव्याकडे. टोपण हातात घेऊन म्हणाला, "आबा, मागं आता एकट्याची हवा ठेवू? डबलची ठेवली तर गाडी उडेल, पाठीला त्रास होईल."

"डबलचीच ठेव."

त्यानं पंपाची नळी ओढली. हवा भरली. त्यानं टोपण लावायच्या आधी मी बोट ओलं केलं आणि वॉलला लावलं. बुडबुडा आला नाही. तरी मनात आलं, माझ्या पाठीची कीव येऊन यानं गुपचूप हवा कमी ठेवली असणार. टोपण बसल्यावर पाटीकडे बघितलं.

आकडा दोघांचाच होता.